जुनी हायब्रिड गाडी घेताना बॅटरीची साक्ष घ्या

गेल्या वर्षी रमजान ईद उरकल्यावरची गोष्ट. अम्मींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, महिन्यातून दोनदा कराडला रुग्णालयात न्यावे लागते. आम्ही राहतो चिपळूणजवळ, खाडीकाठच्या गावात. मध्ये कुंभार्ली घाट. एसटीच्या पायऱ्या चढणे अम्मींच्या गुडघ्यांना आता झेपत नाही, आणि दर खेपेला भाड्याची गाडी करायची तर महिन्याचे गणित कोलमडते. घरची गाडी घ्यायची, पण जुनी घ्यायची, असे ठरले. व्याजाचे कर्ज काढायचे नाही हे आमच्या घरात आधीपासूनच ठरलेले. भिशीचे आणि दहा वर्षांच्या साठवणीचे मिळून आठ लाख रुपये हाताशी होते. त्यापलीकडे एक पैसा नव्हता.

बातमी नातेवाइकांत पोचायला वेळ लागत नाही. दुसऱ्याच दिवशी आखातातून माझ्या खालाजाद भावाचा फोन आला. "बाजी, बाहेर कशाला बघता? माझी हायब्रिड अंगणात उभीच आहे. २०१५ची गाडी, पण दहा वर्षांत फक्त एकतीस हजार किलोमीटर. अगदी नवरीसारखी ठेवलीय. तुमच्यासाठी साडेसात लाख."

मोठी, ऐसपैस सेडान. अम्मींना पाय पसरून बसता येईल अशी. मुलांच्या अब्बांना ती लगेच पसंत पडली. त्याच सुमारास त्यांच्या एका सहकाऱ्याने पुण्यातली दुसरी गाडी सुचवली. तेच मॉडेल, तेच साल, किंमत पावणेसात लाख, पण चाललेली १,१८,००० किलोमीटर. मालक रोज पुणे-सातारा ये-जा करणारे. घरात सगळ्यांचे एकमत झाले, एक लाख अठरा हजार चाललेल्या गाडीकडे बघायचेसुद्धा नाही.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. गाड्यांतले मला काही कळत नाही, हे आधीच कबूल करते. पण वही तपासल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत, ही वीस वर्षांची सवय. म्हणून दुबईत टॅक्सी चालवणाऱ्या धाकट्या दिरांना फोन लावला. तिथल्या टॅक्स्यांमध्ये हायब्रिड गाड्या पुष्कळ आहेत आणि त्यांनी स्वतः त्या वर्षानुवर्षे चालवल्या आहेत. ते म्हणाले, "भाभी, साध्या गाडीत कमी चाललेली चांगली. हायब्रिडमध्ये हा हिशेब उलटाही पडतो. आमच्या गाड्या दिवसरात्र पळतात म्हणून त्यांच्या बॅटऱ्या टिकतात. उभी राहिलेली गाडी आधी तपासून घ्या."

या एका वाक्याने आमचा सगळा व्यवहार बदलला. त्यातून जे शिकले ते वाचकांपुढे ठेवते. कारण आखातात नोकरी आणि अंगणात ताडपत्रीखाली गाडी, ही आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांची स्थिती आहे. अशा गाड्या कधी आपण घेतो, कधी आपणच विकतो.

हायब्रिड म्हणजे नेमके काय?

सुझुकीच्या एसएचव्हीएस तंत्राच्या गाड्या, जसे २०१५ नंतरच्या सियाझ आणि अर्टिगा डिझेल, या सौम्य हायब्रिड. त्यांत छोटी मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते, ती एकटी गाडी ओढू शकत नाही. त्यांची बॅटरी लहान, त्यामुळे बिघडली तरी खर्च आवाक्यातला. दुसरा प्रकार पूर्ण हायब्रिडचा. प्रियस, कॅमरी हायब्रिड, २०२२ साली आलेल्या होंडा सिटी ई:एचईव्ही, टोयोटा हायरायडर आणि ग्रँड विटारा यांच्या स्ट्राँग हायब्रिड आवृत्त्या, आणि त्यानंतरची इनोव्हा हायक्रॉस. या गाड्या काही अंतर नुसत्या विजेवर जातात. विकणारा दोन्हींना "हायब्रिड"च म्हणतो. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा, यातली कोणती? पुढचा सगळा मजकूर पूर्ण हायब्रिडबद्दल आहे.

या गाडीला भिंतीतल्या प्लगवर चार्ज करावे लागत नाही. उतारावर किंवा ब्रेक दाबताना वाया जाणारी शक्ती मोटर विजेत बदलते आणि बॅटरीत साठवते. गाडी हलवताना, चढ चढताना तीच वीज परत वापरली जाते. म्हणजे बॅटरी दिवसभर थोडी भरते, थोडी रिकामी होते. आपण मोबाइल पार शून्यावर आणतो आणि रात्रभर शंभरावर ठेवतो. गाडीचा संगणक हायब्रिडच्या बॅटरीला तसे करू देत नाही. प्रियससारख्या गाड्यांत ती साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यानच फिरत राहते. तिच्या दीर्घायुष्याचे मोठे कारण हेच.

प्रियस जपानमध्ये १९९७च्या डिसेंबरात विक्रीला आली, त्यामुळे या बॅटऱ्यांचा अनुभव आता पंचवीस वर्षांहून अधिक जुना आहे. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक मासिकाने २०११ साली २००२ची एक प्रियस तपासली. ती दोन लाख मैलांहून अधिक, म्हणजे सव्वातीन लाख किलोमीटरच्या पुढे चाललेली होती आणि बॅटरी मूळचीच होती. मासिकाने दहा वर्षांपूर्वी अशीच एक नवी गाडी तपासली होती. दोन्हींचा ॲव्हरेज जवळजवळ सारखा निघाला, लिटरला सुमारे १७ किलोमीटर. एका गाडीवरून सगळ्या गाड्यांची हमी देता येत नाही. पण "हायब्रिडची बॅटरी पाच वर्षांत जाते" ही चहाच्या टपरीवरची बातमी खरी नाही, एवढे तर नक्कीच ठरते.

मग बॅटरी मरते कशाने?

तीन गोष्टींनी. उष्णता, उभे राहणे आणि एकाच्या दुखण्याने सगळ्यांचे मरण.

तिसरी गोष्ट आधी सांगते. ही बॅटरी म्हणजे एक अखंड डबा नव्हे. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये २८ मॉड्यूल असतात, प्रत्येकात सहा सेल, एकूण १६८. एक सेल १.२ व्होल्टचा. सगळे एकामागोमाग जोडलेले, मिळून २०१.६ व्होल्ट. लग्नाच्या मंडपावरची जुन्या पद्धतीची दिव्यांची माळ आठवा. एक दिवा गेला की माळ विझायची. इथेही एक मॉड्यूल अशक्त झाले की सगळ्या बॅटरीची ताकद त्याच्यापाशी अडते.

उष्णतेचे म्हणाल तर बॅटरीला गार ठेवण्यासाठी बहुतेक गाड्यांत मागच्या सीटजवळ हवा ओढणारी जाळी असते आणि आत एक पंखा. ही हवा गाडीच्या आतलीच, एसीने थंड झालेली. आता आपल्याकडे मागच्या सीटवर काय काय असते ते आठवा. पिशव्या, ओढण्या, लहान मुलांची दुपटी, आंब्याची पेटी. जाळी झाकली गेली, किंवा धूळ आणि केसांनी फिल्टर भरला, की बॅटरी आतल्या आत तापत राहते. गाडी चालते, दिवा लागत नाही, पण आयुष्य कमी होत जाते. आणि हा फिल्टर साफ करायला खर्च जवळपास नाहीच.

राहिले उभे राहणे. अशा अनेक गाड्यांत असलेली निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी गाडी बंद असतानाही हळूहळू स्वतःहून उतरत जाते, आणि सगळे सेल सारख्या वेगाने उतरत नाहीत. चार-सहा महिन्यांनी गाडी सुरू केली की काही सेल पुढे, काही मागे अशी अवस्था होते. गाडी रोज चालत राहिली तर हा फरक फारसा वाढत नाही. त्यात कोकणची खारी, दमट हवा. सेलना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढतो. उंदीर हवेच्या वाटेत घरटे करतात. म्हणूनच गाडी फार दिवस वापरायची नसेल तरी काही महिन्यांतून एकदा किमान अर्धा तास चालवून आणा, असे अशा गाड्यांच्या माहितीपुस्तकात सांगितलेले असते. आपण पुस्तक उघडत नाही. गाडीवर ताडपत्री टाकतो आणि समजतो की जपली.

अंगणातली गाडी घाटात

भावाची परवानगी घेऊन आम्ही खालाजानच्या घरी गेलो. ताडपत्री काढली. गाडी खरोखर नव्यासारखी चकाकत होती. बटण दाबले, तर काहीच नाही. शेजारचा एकजण लगेच म्हणाला, "बॅटरी गेली, दोन-तीन लाखांना बसली."

इथे एक मोठा गैरसमज दूर करते. हायब्रिड गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक मोठी, आणि दुसरी साध्या गाडीत असते तशी १२ व्होल्टची. दिवे, कुलूप, संगणक या छोटीवर चालतात, आणि ती उतरली तर मोठी ठणठणीत असूनही गाडी जागी होत नाही. उभ्या गाडीची छोटी बॅटरी उतरणे हे नेहमीचेच. तिची किंमत काही हजारांत. तिला दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जोड देताच आमची गाडी सुरू झाली. खालाजानचा जीव भांड्यात पडला, आणि शेजारी निघून गेला.

मग आम्ही गाडी कुंभार्ली घाटात नेली. हायब्रिडची परीक्षा सपाट रस्त्यावर होत नाही, ती घाटात होते. पडद्यावर बॅटरीच्या भरणीच्या रेघा दिसतात. चढावर त्या एक-एक करून कमी व्हाव्यात, उतारावर सावकाश भराव्यात. आमच्या गाडीत चढ सुरू होऊन काही मिनिटे झाली नाहीत तोच रेघा तळाला गेल्या आणि इंजिन ओरडू लागले. परत येताना उतारावर तितक्याच झटपट त्या वर चढल्या. मुलांचे अब्बा खुश झाले, "बघ, किती लवकर भरते!" दिरांनी फोनवर समजावले, "भाईजान, घागर लवकर भरते म्हणजे ती लहान झालीय. आत जागाच उरली नाही." मागून पंख्याचा घोंघाटही येत होता. दिवा मात्र एकही लागला नव्हता.

तिथून गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. हायब्रिड बॅटरीची तपासणी करून लेखी अहवाल द्या, असे सांगितले. संगणक जोडून, गाडीवर भार देऊन प्रत्येक ब्लॉकचा व्होल्टेज वाचतात. सगळे ब्लॉक जवळपास सारखे असले तर बॅटरी निरोगी. आमच्या अहवालात दोन ब्लॉक भार पडताच इतरांपेक्षा स्पष्ट खाली जात होते. तपासणीचा खर्च दोन हजारांच्या आत. नव्या बॅटरीचा लेखी अंदाज मागितला, तो सव्वा लाखाच्याही वर निघाला. साडेसात लाख दिल्यावर आमच्याकडे उरणार होते पन्नास हजार. अम्मींना घेऊन भर पावसात घाटात गाडी थांबली असती तर? पूर्ण हायब्रिडमध्ये मोठी बॅटरीच इंजिन फिरवते. ती गेली की धक्का मारूनही गाडी सुरू होत नाही.

नात्यात तपासणी कशी करायची?

खरे सांगायचे तर बॅटरीपेक्षा हे अवघड होते. खालाजान दुखावल्या. "घरच्या गाडीला डॉक्टरकडे नेलंस? माझ्या मुलावर एवढा अविश्वास?" मला उत्तर सुचले नाही. ज्या खालाने मला कडेवर खेळवले तिच्या मुलाच्या गाडीचा अहवाल माझ्या पर्समध्ये होता, आणि मी अपराध्यासारखी बसले होते.

रात्री धान्याच्या ढिगाची हदीस आठवली. आपण मुलांना ती सांगतोच. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तर आतले धान्य ओले निघाले. विकणारा म्हणाला, पावसाने भिजले. तेव्हा त्यांनी विचारले की मग ते वर, लोकांना दिसेल असे का ठेवले नाही? ढिगात हात घालून पाहणे हा तिथे अपमान ठरला नाही. आणि इथे तर माझ्या भावालाही आपल्या ढिगाखाली काय आहे ते ठाऊक नव्हते.

मी त्याला अहवालाचा फोटो पाठवला आणि फक्त एवढे लिहिले की हा तुझ्याही उपयोगाचा आहे. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. "बाजी, अल्लाह गवाह आहे, मला खरंच माहीत नव्हतं. मी तर गाडी जपत होतो." मी म्हटले, "ठाऊक आहे रे. जपलीस म्हणूनच हे झालं." तो हसला, पण त्याला वाईट वाटले होते.

ही गाडी आम्ही घेतली नाही. पुण्याच्या गाडीची तशीच तपासणी केली. ब्लॉकमधला फरक अगदी थोडा, पंख्याचा फिल्टर दर सर्व्हिसला साफ केल्याची नोंद, सगळी बिले फायलीत ओळीने लावलेली. टायर झिजलेले होते आणि पुढच्या सस्पेन्शनचा आवाज येत होता. ते दिसणारे दोष होते, त्यांचा हिशेब करता आला. पावणेसात लाखांत व्यवहार झाला.

पाहणीला जाताना

१. गाडी आधीपासून गरम करून ठेवू नका, असे विकणाऱ्याला सांगा. सकाळची पहिली सुरुवात स्वतः पाहा.

२. किमान तासभर, आणि जमल्यास घाटात चालवा. रेघा झपाट्याने वरखाली होणे, इंजिन सिग्नलवरही बंद न होणे, मागचा पंखा सतत जोरात फिरणे ही कमजोर बॅटरीची लक्षणे.

३. ब्लॉकनिहाय व्होल्टेजचा लेखी अहवाल घ्या. जुने दोषसंकेत अलीकडे पुसले आहेत का, तेही विचारा. पी०ए८० हा संकेत दिसला तर तो बॅटरी बदलण्याचा इशारा असतो.

४. "बॅटरी नुकतीच दुरुस्त केली" असे कोणी म्हटले तर संपूर्ण नवी घातली की एक-दोन मॉड्यूल बदलले, हे बिलावर पाहा. जुन्या मॉड्यूलमध्ये एखादे नवे घातले की काही महिन्यांनी दुसरे दगा देते.

५. २०२२ नंतरच्या ज्या गाड्या वर सांगितल्या, त्यांच्या हायब्रिड बॅटरीला कंपनीची ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल तोपर्यंत, वॉरंटी आहे. किती उरली आणि दुसऱ्या मालकाला ती लागू राहील का, हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. आपली पुंजी मर्यादित असेल तर ही उरलेली वर्षे किमतीइतकीच मोलाची.

६. गाडी पुरात सापडली नव्हती याची खात्री करा. जुलै २०२१च्या महापुरात चिपळुणात किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण पाहिले. विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागा. पाण्यात बुडालेली हायब्रिड कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

७. पेट्रोल गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१५ची गाडी घेतली तर २०३०ला पुन्हा तपासणी आणि नूतनीकरण आले. उरलेली वर्षे मोजून किंमत ठरवा.

८. नारिंगी रंगाच्या जाड तारांना स्वतः हात लावू नका, रस्त्यावरच्या मेकॅनिकलाही लावू देऊ नका. त्या तारांतला वीजदाब जीवघेणा असतो.

आणि ज्यांची हायब्रिड अंगणात उभी आहे त्यांना हात जोडून विनंती. गाडी सावलीत ठेवा आणि घरातल्या एखाद्या परवानाधारक मुलाकडून आठवड्या-दोन आठवड्यांनी अर्धा तास फिरवून आणा. तेवढ्या पेट्रोलचा खर्च बॅटरीच्या खर्चापुढे काहीच नाही.

आमच्या गाडीला आता वर्ष होऊन गेले. अम्मी मागच्या सीटवर बसून तसबीह फिरवत कराडला जातात. त्यांच्या शेजारच्या जाळीवर कोणी पिशवी ठेवली की त्याच ओरडतात. ही बॅटरीही एक दिवस जाणार, दहा वर्षांची झालीच आहे. म्हणून उरलेले सव्वा लाख आम्ही टायर आणि सस्पेन्शनचा खर्च वजा करून वेगळे ठेवले आणि त्यात दरमहा दोन हजार टाकतो. मुले त्याला "बॅटरीचा गल्ला" म्हणतात.

भावाची गाडी सहा महिन्यांनी महाडच्या एका गृहस्थांनी घेतली. किंमत बरीच खाली आली. व्यवहाराच्या कागदाचा फोटो त्याने मला पाठवला. खाली त्याने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली होती, "हायब्रिड बॅटरी कमजोर आहे, तपासणीचा अहवाल सोबत जोडला आहे." खालाजान अजून अधूनमधून टोमणा मारतात. पण यंदा ईदला त्यांनी शेजारणीला सांगितलेले मी माझ्या कानांनी ऐकले, "जुनी गाडी घेताय ना? आधी आमच्या पोरीला विचारा."